विंडहुक ते ल्युडेरित्स: १९०७च्या रुळांच्या काठानं सहा दिवस

जर्मन दफ्तरात नैऋत्य आफ्रिकेतलं युद्ध ३१ मार्च १९०७ रोजी संपलं. आपल्याकडे त्याच महिन्यात, २२ मार्चला, नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली होती. तेव्हाच्या या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, मात्र त्या दिवशी दक्षिणेची रेल्वे समुद्रकिनाऱ्यापासून आउस गावापर्यंत येऊन थांबली होती आणि पुढचं काम युद्धकैद्यांच्या अंगावर पडायचं होतं. हेरेरो आणि नामा लोकांवरचं हे युद्ध आज विसाव्या शतकातला पहिला वंशसंहार म्हणून ओळखलं जातं. ते कसं संपलं, कोणासाठी संपलं आणि कोणासाठी नाही, हे लढायांच्या यादीपेक्षा या रेल्वेमार्गांच्या तारखांवरून जास्त नीट कळतं. म्हणून हा प्रवास रुळांच्या काठानं आखला आहे: विंडहुकहून दक्षिणेला कीटमन्सहूप, तिथून पश्चिमेला झेहाइम, आउस, गारुब आणि शेवटी अटलांटिकवरचं ल्युडेरित्स. एका दिशेचं अंतर साधारण ८३० किलोमीटर.

निघण्याआधी थोडं. मुंबईहून विंडहुकला थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा आदिस अबाबामार्गे जावं लागतं. आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचा नियम आधी तपासावा, कारण परतताना भारतातल्या विमानतळावर तो आडवा येऊ शकतो. झेहाइम ते ल्युडेरित्स या टप्प्यावर प्रवासी गाडी धावत नाही, त्यामुळे गाडी भाड्यानं घेण्यावाचून इलाज नाही. वाहनं डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे आपल्याला सवय लावावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र हवा. संपूर्ण मार्ग बी-१ आणि बी-४ या डांबरी रस्त्यांचा आहे, साधी सेडान पुरते. भाड्याचा करार करताना एक कलम नीट वाचा: वाळूच्या माऱ्यानं रंग आणि काच खराब झाली तर ते नुकसान साध्या विम्यात सहसा येत नाही. ल्युडेरित्सजवळ हा धोका खराखुरा आहे, त्याबद्दल पुढे. एप्रिल ते जून हा काळ सर्वांत चांगला. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीत, आतल्या भागात चाळीस अंश असतं आणि किनाऱ्यावर वारा उभं राहू देत नाही. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखी आहे आणि रँड सगळीकडे चालतो. शाकाहारी लोकांनी कीटमन्सहूपच्या पुढे मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. पोहे, उपमा, थेपले असं काही बरोबर असू द्यावं.

दिवस पहिला: विंडहुक

सकाळी रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करावी. इमारत १९१२ची. बाहेर चौथऱ्यावर 'पुअर ओल्ड जो' नावानं ओळखलं जाणारं छोटं वाफेचं इंजिन उभं आहे. ते ज्या रुळांवर धावलं त्यांची रुंदी ६०० मिलिमीटर, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षाही एक सेंटिमीटर कमी. स्वाकोपमुंड बंदर ते विंडहुक हा ३८२ किलोमीटरचा सरकारी मार्ग या रुंदीनं १८९७ ते १९०२ या काळात घातला गेला. घाई करण्याचं कारण जनावरांची साथ हे होतं. १८९७ साली बुळकांडीनं या प्रदेशातले बैल झपाट्यानं मेले आणि बैलगाड्यांवर चालणारी सगळी वाहतूक बसली. अरुंद मार्ग स्वस्त पडतो, वळणं घट्ट घेता येतात, रूळ आणि स्लीपर हलके असतात. पण चढावर एक इंजिन पुरत नाही. म्हणून दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडायचे आणि ती जोडी एकाच चालकवर्गानं चालवायची, अशी पद्धत होती. स्वाकोपमुंडहून निघालेला प्रवासी करीबिबला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विंडहुकला पोचायचा. स्टेशनातलं छोटं रेल्वे संग्रहालय उघडं असेल तर एक तास द्यावा.

रेल्वे हे युद्धाच्या कारणांपैकीही एक होतं. १९०३ मध्ये त्सुमेबच्या तांब्याच्या खाणीकडे जाणाऱ्या ५६७ किलोमीटरच्या ओटावी मार्गाचं काम सुरू झालं. हा मार्ग हेरेरोंच्या चराऊ जमिनींतून जाणार होता आणि कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंची रुंद पट्टी तिच्यातल्या पाणवठ्यांसकट हवी होती. गुरांवर जगणाऱ्या समाजाचा पाणवठा गेला की कुरणही जातं, कारण पाण्यापासून फार लांब गुरं चारता येत नाहीत. १२ जानेवारी १९०४ रोजी हेरेरो उठले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच ओकाहांजाजवळचा ओसोनाचा रेल्वेपूल त्यांनी तोडला. शत्रूची नस कुठे आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं.

दुपारी चढावरच्या आल्टे फेस्टे या जुन्या किल्ल्याकडे जावं. ११ ऑगस्ट १९०४ला वॉटरबर्गपाशी हेरेरोंचा पराभव झाला आणि त्यांना ओमाहेके वाळवंटात रेटलं गेलं. २ ऑक्टोबरला जनरल लोथार फॉन ट्रोथानं संहाराचा आदेश काढला. बर्लिननं तो वर्षअखेरीस मागे घ्यायला लावला, पण त्याच्या जागी छळछावण्या आल्या. त्यांपैकी एक याच किल्ल्याच्या उतारावर होती. छावण्यांचा हिशेब सरळ होता: वसाहतीला मजूर हवे होते आणि कैदी फुकट मिळत होते. बंदरावर, रस्त्यावर, रेल्वेवर त्यांना वाटून दिलं जाई. त्यांत बायका आणि मुलंही असत. हेरेरोंची संख्या युद्धापूर्वी सुमारे ८०,००० आणि नामांची सुमारे २०,००० होती असं मानतात. त्यांतले अंदाजे ६५,००० हेरेरो आणि १०,००० नामा मेले.

किल्ल्याशेजारी स्वातंत्र्य स्मारक संग्रहालय आहे, समोर वंशसंहाराचं शिल्प. रस्त्यापलीकडे १९१०चं ख्रिस्तुसकिर्श हे जर्मन चर्च. त्याच्या आतल्या फलकांवर फक्त मेलेल्या जर्मनांची नावं आहेत. ही तीन ठिकाणं शंभर-दोनशे पावलांत आहेत आणि एकापाठोपाठ एक पाहावीत. नामिबियानं २८ मे हा वंशसंहार स्मृतिदिन म्हणून २०२५ पासून पाळायला सुरुवात केली. २८ मे १९०७ला छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला होता, म्हणून ही तारीख. त्या काळात जाणं जमलं तर शहरातले कार्यक्रम पाहता येतील, पण सरकारी सुट्टी असल्यानं संग्रहालयांच्या वेळा विचारून घ्याव्यात.

दिवस दुसरा: विंडहुक ते कीटमन्सहूप

साधारण पाचशे किलोमीटर, बी-१. सकाळी सातच्या आत निघावं. संध्याकाळी रस्त्यावर कुडू हरणं येतात. गाडीच्या उजेडानं ती बुजतात आणि थेट काचेवर उडी घेतात. भाड्याच्या गाड्यांचे करार अंधारात शहराबाहेर गाडी चालवू देत नाहीत ते म्हणूनच.

रेहोबोथच्या पुढे मकरवृत्ताची पाटी लागते. रेल्वे कधी रस्त्याजवळ येते, कधी दिसेनाशी होते. हा विंडहुक-कीटमन्सहूप मार्ग १९१० ते १९१२ या काळात, ५०६ किलोमीटर लांब आणि १,०६७ मिलिमीटर रुंदीचा घातला गेला. याच सुमारास करीबिब ते विंडहुक हा जुना अरुंद मार्गही रुंद करून घेतला, म्हणजे दक्षिणेची गाडी थेट उत्तरेला जाऊ लागली. जर्मनांनी दक्षिणेत ही रुंदी का निवडली याचं उत्तर शेजारी आहे: केप कॉलनीतल्या, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, सगळ्या रेल्वे या रुंदीच्या होत्या. इंजिनं, डबे, अनुभवी मजूर सगळं तिथून आणता येत होतं. एवढ्या कामासाठी कैदी उरले नव्हते, म्हणून केपमधून पगारी मजूर आणले गेले. ऑक्टोबर १९१० मध्ये विल्हेल्मस्टाल इथं अशा मजुरांनी पगारावरून काम थांबवलं तेव्हा सैन्यानं गोळीबार केला आणि दहाहून अधिक माणसं मारली. युद्ध संपून साडेतीन वर्षं झाली होती.

मारिएंटालला पेट्रोल आणि जेवण. पुढे गिबिऑन स्टेशनकडे फाटा फुटतो. पहिल्या महायुद्धात, २७ एप्रिल १९१५ला, इथं दक्षिण आफ्रिकी आणि जर्मन फौजांची रुळांच्या कडेनं लढाई झाली. रेल्वेलगत तेव्हाची छोटी दफनभूमी आहे, वीस मिनिटं पुरतात. गिबिऑन हे नामांचे नेते हेंड्रिक विटबुई यांचं गाव. ते २९ ऑक्टोबर १९०५ रोजी फाल्ग्रासजवळ एका रसद-तांड्यावर हल्ला करताना जखमी होऊन वारले. ती रसद बैलगाड्यांची होती, कारण दक्षिणेत अजून एक मीटरही रूळ नव्हता.

दिवस तिसरा: कीटमन्सहूप

सकाळी स्टेशन पाहावं. मजबूत दगडी काम, १९०८ सालचं, जेव्हा ल्युडेरित्सहून निघालेला ३६६ किलोमीटरचा मार्ग इथं पोचला. गावातलं १८९५चं मिशन चर्च आता संग्रहालय आहे, आणि १९१०चं शाही टपाल कार्यालयही जवळच.

या मार्गाची मंजुरी हीच एक गोष्ट आहे. बैलगाडीनं किनाऱ्यापासून इथपर्यंत माल आणायचा तर पहिले शंभरावर किलोमीटर ना गवत ना पाणी. सोळा-वीस बैलांची जोड लावलेली गाडी वाळूच्या टेकड्यांत रुतायची, बैल मरायचे आणि गाडीतल्या मालाचा मोठा वाटा बैलांसाठीच्या चारापाण्याचाच असायचा. दक्षिणेत हजारो जर्मन सैनिक लढत होते आणि त्यांचं पोट या वाटेवर अवलंबून होतं. म्हणून संसदेनं आधी किनाऱ्यापासून आउसच्या परिसरापर्यंतच्या तुकड्याला पैसे दिले. पुढे कीटमन्सहूपपर्यंत न्यायला मात्र ती तयार नव्हती. १३ डिसेंबर १९०६ला युद्धखर्चाची वाढीव मागणीही तिनं फेटाळली. चॅन्सेलर ब्यूलोनं संसद बरखास्त केली आणि जानेवारी १९०७ मध्ये वसाहतीच्या प्रश्नावर निवडणूक लढवली. ती त्याच्या बाजूनं गेली, आणि नव्या संसदेनं कीटमन्सहूपच्या मार्गाला मंजुरी दिली.

म्हणजे त्या वसंत ऋतूत बर्लिनमध्ये दोन गोष्टी जोडीनं झाल्या: युद्ध संपल्याची घोषणा आणि रेल्वे पुढे नेण्याचा निर्णय. रणांगणावर तसं चित्र नव्हतं. जर्मनांविरुद्ध लढणारा सेनानी याकोब मोरेंगा सप्टेंबर १९०७ मध्ये मारला गेला. नामांचा दुसरा नेता सायमन कोपर तर मार्च १९०८ पर्यंत कालाहारीत लढत होता, आणि त्याच्या पाठलागासाठी जर्मनांना उंटांचं दळ सरहद्दीपलीकडे पाठवावं लागलं. ऑगस्ट १९०७च्या वटहुकमांनी सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाला क्रमांकाचा धातूचा बिल्ला बाळगणं सक्तीचं केलं. गव्हर्नरच्या परवानगीवाचून जमीन किंवा मोठी गुरं ठेवायला बंदी आली. गुरं नाहीत, जमीन नाही, म्हणजे मजुरीवाचून गत्यंतर नाही. कैद्यांचा 'युद्धकैदी' हा दर्जा २७ जानेवारी १९०८ला, कैसरच्या वाढदिवशी, उठवला. तोवर रेल्वे कीटमन्सहूपच्या जवळ येत होती.

दुपार रिकामी असते. गावापासून चौदा किलोमीटरवर कोकरबूम, म्हणजे भात्याच्या झाडांचं वन आहे. रस्ता खडीचा, वेग ताशी ८०च्या खाली ठेवावा आणि वळणावर ब्रेक दाबू नये. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावं.

दिवस चौथा: कीटमन्सहूप ते आउस

२१० किलोमीटर. पेट्रोलची टाकी इथंच भरावी. पुढे आउसला मिळतं, पण साठा संपल्याचीही उदाहरणं आहेत. माणशी पाच लिटर पाणी गाडीत ठेवावं.

पंचेचाळीस किलोमीटरवर झेहाइम. रस्त्यावरून खाली वळलं की एका खोलगट जागेत जुनं दगडी हॉटेल आणि रेल्वे फाटा दिसतो. गाव म्हणावं असं काही उरलेलं नाही, पण या प्रवासातलं रेल्वेच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण हेच. १९०९ मध्ये इथून दक्षिणेला काल्कफोंटाइन, म्हणजे आजच्या कारासबर्गपर्यंत शाखा निघाली. ती ज्या बोंडेलस्वार्ट्स लोकांच्या मुलखात जाते तिथं १९०३ मध्येच बंड पेटलं होतं आणि डिसेंबर १९०६ मध्ये तह झाला होता. तहानंतर तीन वर्षांच्या आत रेल्वे. सैन्य पुन्हा न्यायची वेळ आली तर या वेळी बैलांवर विसंबायचं नव्हतं. पुढे १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं प्रिस्कापासून अपिंग्टनमार्गे आपला मार्ग इथल्या शाखेला आणून जोडला, तोही चालू युद्धात, फौजेची रसद म्हणून. आज नामिबियाची रेल्वे शेजारच्या देशाला जोडलेली आहे ती याच सांध्यानं.

फिश नदीचा पूल जवळच आहे. नदी वर्षातला बराच काळ डबक्यांची माळ असते, पण वरच्या भागात पाऊस झाला की काही तासांत भरते. पूल पाहायला पात्रात उतरताना आकाश इथं निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

रुळांजवळ जाता येतं तिथं स्लीपर पाहावेत. जुने स्लीपर पोलादाचे, कडा खाली दुमडलेले. लाकडाचे न वापरण्याचं कारण साधं: या प्रदेशात इमारती लाकूड नाही, परदेशातून आणावं लागतं, आणि आणलं तरी वाळवी खाते, शिवाय कोरड्या हवेत लाकूड चिरतं आणि खिळे सैल होतात. पोलादाची खोट किनाऱ्यावर दिसते. खाऱ्या धुक्यानं ते गंजत जातं.

वेळ असेल तर गोआगेबजवळून बेथनीकडे वळावं. इथल्या नामा प्रमुखाकडूनच १८८३ मध्ये जर्मन व्यापारी अडॉल्फ ल्युडेरित्सच्या माणसानं किनाऱ्याची जमीन घेतली आणि वसाहतीची सुरुवात झाली. करारात 'मैल' लिहिलं होतं. नामांना सुमारे दीड किलोमीटरचा इंग्रजी मैल ठाऊक होता. नंतर साडेसात किलोमीटरचा जर्मन मैल धरून जमीन मोजली गेली. पुढे रेल्वेला लागलेला किनारा आणि वाळवंट त्या करारातून आलं.

संध्याकाळपर्यंत आउस. उंची सुमारे १,४०० मीटरच्या वर, हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. जाड कपडे हाताशी असावेत.

दिवस पाचवा: आउस, गारुब आणि वाळूचा पट्टा

लवकर उठून गावाच्या पूर्वेला असलेल्या युद्धकैदी छावणीच्या जागेवर जावं. या वेळी कैदी जर्मन होते. ९ जुलै १९१५ला खोराब इथं जर्मन फौजेनं शरणागती पत्करली आणि साधारण पंधराशे सैनिकांना इथं ठेवलं गेलं. तंबूंत थंडी सोसेना, म्हणून त्यांनी मातीच्या विटा पाडून घरं बांधली. आज त्यांचे थोडे पायथे उरले आहेत. १९१८च्या फ्ल्यूत मेलेले कैदी आणि पहारेकरी गावाजवळच्या दफनभूमीत आहेत, प्रत्येक थडग्यावर नाव आहे. हे लक्षात ठेवून पुढे ल्युडेरित्सला जावं.

आउसपासून रस्ता आणि रेल्वे दोन्ही उतरू लागतात. बी-४नं समुद्र १२५ किलोमीटर, रुळांनी १४०च्या आसपास, कारण रेल्वेला उतार सौम्य ठेवायला वळणं घ्यावी लागतात. नोव्हेंबर १९०६ मध्ये आउसपर्यंत पोचलेला हा तुकडा एका वर्षाच्या आत घातला गेला. जर्मन नोंदींप्रमाणे जानेवारी १९०६ ते जून १९०७ या काळात दक्षिण रेल्वेवर २,०१४ कैदी लावले गेले. त्यांतले १,३५९ मेले. दर तिघांमागे दोन. काम काय होतं? भराव घालणं, कातळ फोडणं, रूळ खांद्यावरून वाहणं आणि वाळू उपसणं. शिधा अपुरा, स्कर्व्हीनं हिरड्या सडलेल्या, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा सावलीचं झाड नाही. या आकड्याजवळ थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. रस्त्यावरून दिसणारा तो सरळ, नेटका भराव याच माणसांनी घातला.

आउसपासून वीसेक किलोमीटरवर गारुब. रस्त्यापासून उजवीकडे थोडं आत एक पाणवठा आणि आडोसा आहे, तिथं रानटी झालेले घोडे येतात. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची चिंता जास्त असते, आणि किनाऱ्यापासून इथपर्यंत गोडं पाणी नाही. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून किंवा केपहून जहाजानं आणून वापरत. त्यामुळे गाडीला स्वतःच्या इंजिनासाठी पाण्याचे डबेही ओढावे लागत. गारुबला विहीर लागली आणि चढाचा हा टप्पा सोपा झाला. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकी फौजेनं हजारो घोड्यांसह इथंच तळ दिला, तोही या पाण्यासाठीच. मार्च महिन्यात जर्मन विमानानं त्या तळावर बाँब टाकले. आजचे घोडे त्या वेळी उधळलेल्या जनावरांचे आणि कुबुबच्या जर्मन पैदास केंद्रातल्या घोड्यांचे वंशज असावेत, असं अभ्यासक मानतात. रेल्वेसाठी काढलेलं पाणी नसतं तर ते जगले नसते. आडोशात शांत बसावं, खायला काही घालू नये.

आता महत्त्वाची सूचना. गारुबहून पुढचा टप्पा सकाळी अकराच्या आत पार करावा. दुपारपासून दक्षिणेचा वारा चढतो आणि शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये, जिथं वाळूच्या टेकड्या रस्ता ओलांडतात, गाडीचा रंग घासून निघतो, काच धुरकट होते. 'सँड'च्या पाट्या लागतात तिथं डांबरावर जिभेसारखी वाळू आलेली असते. वेगात तिच्यावर गेलं की चाक खेचलं जातं. समोर पिवळसर भिंत दिसली तर मागे फिरून आउसला थांबावं.

रेल्वेला मागे फिरता येत नाही. या पट्ट्यातल्या टेकड्या चंद्रकोरीच्या आकाराच्या, बारखान. वाऱ्याकडची बाजू सौम्य, आडोशाची बाजू सुमारे बत्तीस-चौतीस अंशांची. वारा कण पाठीवरून वर नेतो, ते शिखरावरून पलीकडे कोसळतात आणि टेकडी सरकते. लहान टेकडी मोठीपेक्षा वेगानं चालते, कारण हलवायची वाळू कमी. रुळावर टेकडी आली की गाडी थांबते हे उघड आहे, पण नुकसान त्याच्या खूप आधी सुरू होतं. खडीचं काम चाकाचा धक्का पसरवून थोडं दबणं आणि पुन्हा उभारणं. तिच्या फटींत बारीक वाळू बसली की खडीचा लवचीकपणा जातो, ती एकसंध लादीसारखी कडक होते आणि सगळा मार रूळ आणि स्लीपरवर येतो. रुळाच्या आतल्या बाजूला, जिथं चाकाची कड फिरते, तिथं वाळू घट्ट बसली की कड वर उचलली जाऊन डबा घसरतो; वळणावर हे लवकर होतं. रूळ बदलायच्या सांध्याची जीभ पूर्ण बसत नाही. चाकांच्या आसाच्या बेअरिंगमध्ये कण गेले की ती झिजतात. उपाय तेव्हाही एकच होता आणि आजही मुख्यतः तोच आहे: उपसा करत राहणं. तेव्हा फावडी होती, आता लोडर आहेत. थोडे दिवस उपसा थांबला की मार्ग गाडला जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस हा तुकडा वापरातून गेला तेव्हा तेच झालं आणि दुरुस्तीला पुढे बरीच वर्षं लागली.

रस्ता सोडून रुळांपर्यंत चालत जायचा मोह आवरावा. आजूबाजूला जुनं निषिद्ध हिरेक्षेत्र आहे, आता त्साऊ खाएब राष्ट्रीय उद्यान. परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि दगड उचलून खिशात घालणं हा इथं गंभीर मामला आहे.

दिवस सहावा: ल्युडेरित्स

पहिल्यांदा शार्क बेट. आता ते भरावानं गावाला जोडलेलं आहे, चालत जाता येतं. सप्टेंबर १९०६ पासून विटबुई आणि बेथनीच्या नामांना इथं आणलं गेलं. हेरेरो कैदी आधीपासून होते. आतल्या कोरड्या पठारावरच्या माणसांना बेंग्वेला या थंड समुद्रप्रवाहावरून येणाऱ्या गार, ओल्या वाऱ्यात उघड्या खडकावर ठेवलं. त्यांच्याकडून बंदराचा धक्का बांधून घ्यायचा होता. माणसं इतकी मेली की ते कामच सोडावं लागलं. बेथनीचे नामा नेते कोर्नेलियस फ्रेडरिक्स फेब्रुवारी १९०७ मध्ये इथंच गेले. एप्रिलमध्ये नव्या सेनापतीनं, लुडविग फॉन एस्टोर्फनं, उरलेल्यांना मुख्य भूमीवर हलवलं. मेलेल्यांच्या कवट्या 'अभ्यासासाठी' जर्मनीला गेल्या. त्यांतल्या काही २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये परत आल्या. जर्मनीनं २०२१ मध्ये हा वंशसंहार होता असं मान्य केलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली, पण हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांना तो मसुदा मंजूर नाही, कारण वाटाघाटीत आपल्याला नीट स्थान नव्हतं असं त्यांचं म्हणणं आहे.

बेटावर वर्षानुवर्षं पर्यटकांसाठी तंबूंची जागा चालवली गेली. तिथं मुक्काम करू नये, गावात भरपूर खोल्या मिळतात. फ्रेडरिक्स यांचं स्मारक आहे, त्याच्याजवळ थांबावं. रेल्वेवर आणि बेटावर मेलेल्या कैद्यांपैकी फारच थोड्यांना नाव असलेलं थडगं मिळालं. गावाबाहेर वाळवंटात खुणेवाचूनचे ढिगारे आहेत. आउसच्या दफनभूमीतली नावं इथं आठवावीत.

नऊच्या सुमाराला कोलमान्सकोप, गावापासून दहा किलोमीटर मागे. साधं तिकीट दुपारी एकपर्यंत चालतं. सकाळची मार्गदर्शित फेरी घ्यावी. इथला हिरा रेल्वेनं सापडला. एप्रिल १९०८ मध्ये ग्रासप्लाट्स स्टेशनजवळ वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला नावाच्या गँगमनला चमकणारा खडा दिसला. तो केपमधून आलेला मजूर होता, तिकडे हिऱ्यांच्या खाणीत काम केलेला, त्यामुळे त्याला लगेच कळलं. त्यानं तो आपल्या साहेबाला, आउगुस्ट श्टाउखला दिला. श्टाउख म्हणजे आपल्या रेल्वेच्या भाषेत पीडब्ल्यूआय, रूळमार्गाची देखभाल पाहणारा निरीक्षक. रुळांवरची वाळू काढत ठेवणं हीच त्याची जबाबदारी. श्टाउख कोट्यधीश झाला. लेवालाला बक्षीस मिळाल्याची नोंद नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये सरकारनं किनाऱ्याची रुंद पट्टी निषिद्ध केली, आणि ज्या रेल्वेवर खर्च करायला संसद नाखूश होती ती हिऱ्यांमुळे सोन्याची झाली. कोलमान्सकोपला इस्पितळ, बर्फाचा कारखाना, नाट्यगृह सगळं उभं राहिलं. १९५६ मध्ये शेवटची माणसं निघून गेली. घरांत शिरलेली वाळू पाहताना जमिनीकडे लक्ष असू द्यावं, जमिनीच्या लाकडी फळ्या कुजलेल्या आहेत आणि वाळूच्या खाली खिळे असतात. कॅमेऱ्याची लेन्स आत बदलू नये.

दुपारी गावात परतून स्टेशन पाहावं. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकी फौज बंदरात उतरली आणि माघार घेताना जर्मनांनी आपलेच रूळ उखडले. ते पुन्हा घालत, पाणी शोधत ती फौज गारुबपर्यंत सरकली. जो मार्ग जर्मनांनी दक्षिण जिंकायला बांधला तोच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षं, २१ मार्च १९९०च्या स्वातंत्र्यापर्यंत, देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता.

परतीला एका दिवसात विंडहुक गाठायचा प्रयत्न करू नये, कीटमन्सहूप किंवा मारिएंटालला रात्र काढावी. ल्युडेरित्स सकाळी आठच्या आत सोडावं. टाकी भरताना काच आणि दिव्यांवरची मिठाची पुटं पाण्यानं धुऊन घ्यावीत, कोरड्या फडक्यानं पुसू नयेत, नाहीतर वाळूचे कण ओरखडे पाडतात. गाडी परत देण्याआधी बोनेट आणि काचेचे फोटो काढून ठेवावेत.